लेक खोट्या बातम्यांचा खेळ खेळली, आणि आता तिला सगळंच खोटं वाटतं

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. माझी मुलगी नववीत आहे. शाळेत संगणकाच्या तासाला त्यांना 'बॅड न्यूज' नावाचा खेळ दाखवला. त्यात आपणच खोट्या बातम्या बनवायच्या, फॉलोअर वाढवायचे आणि बॅज मिळवायचे. घरी येऊन ती तो पुन्हा पुन्हा खेळली आणि 'आई, मला सगळे बॅज मिळाले' असं अभिमानाने सांगायला आली. खोटं पसरवण्यात पटाईत होणं ही काय शाळेत शिकवायची गोष्ट आहे का, असं मला तेव्हाच वाटलं.

पण खरी अडचण पुढे आहे. आता काहीही सांगा, 'हे फेक आहे' हे तिचं उत्तर ठरलेलं. बातमी पेपरातली असो नाहीतर टीव्हीवरची. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की आज रात्री खडकवासला धरणातून जास्त पाणी सोडणार आहेत, नदीकाठच्यांनी सावध राहा. हिने सगळ्यांसमोर लिहिलं, 'आजोबा, प्लीज फेक गोष्टी पसरवू नका', आणि वर हसण्याचे इमोजी. आप्पा येईल ते पुढे पाठवतात हे खरं आहे. कांद्याने ताप उतरतो वगैरे त्यांचे मेसेज चुकीचेही असतात. पण हा खरा होता, रात्री पाणी सोडलंच. आप्पा पंचाहत्तरीचे आहेत, लहानपण नारायण पेठेत गेलेलं. ते ग्रुपमधून बाहेर पडले आणि आता नातीशी मोजकंच बोलतात. ती म्हणते, 'एकदा चुकलं, त्यात एवढं काय?'

खेळ बंद करू का? शाळेत तक्रार करू का? आणि आप्पांचं काय करू?

— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर

ताई, नमस्कार.

खेळ बंद करू नका. शाळेत जरूर जा, पण तक्रार घेऊन नको. कशासाठी जायचं ते शेवटी सांगते. आधी आप्पांच्या मेसेजबद्दल बोलू या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे आणि तुमच्या मुलीला ती 'एकदा चुकलं' एवढीच वाटते आहे.

तुम्ही राहता त्या भागात हा मेसेज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्याच एकतानगरीत काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको. खडकवासल्याचा विसर्ग रात्रीत वाढला, मुठेचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं, माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आणि आम्हाला वेळेत कळलंच नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. आता आप्पांकडे बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि त्याच दिवशी नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे असतील, आणि राहायला नारायण पेठेत. त्या दिवशी 'धरण फुटलं' असं ओरडत जो कोणी धावला असेल, तो खरं सांगत होता. त्याला वेडा ठरवून घरात बसून राहण्याची किंमत काय होती, हे आप्पांच्या पिढीला कुणी समजावण्याची गरज नाही. पाण्याचा मेसेज पुढे पाठवणाऱ्या या माणसाच्या मनात काय असेल, याचा विचार तुमच्या लेकीने केला नाही. तिला तो करायला लावणं हे तुमचं पहिलं काम.

मात्र ती अशी का वागली हे समजण्यासाठी खेळाकडे वळावं लागेल, आणि तुमची पहिली शंकाही तिथेच मिटेल.

'बॅड न्यूज' २०१८ च्या फेब्रुवारीत आला. केंब्रिज विद्यापीठातले यॉन रोझेनबेक आणि सँडर व्हान डर लिंडेन हे संशोधक आणि नेदरलँड्समधला 'ड्रॉग' हा गट, अशा दोघांनी मिळून तो बनवला. त्यामागची कल्पना मात्र साठ वर्षांहून जुनी आहे. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केले ते अशा समजुतींवर, ज्यांना कधी कुणी आव्हानच दिलेलं नसतं. जेवणानंतर दात घासावेत, ही त्यातलीच एक. त्याला दिसलं की जिच्या विरोधात आपण एक शब्दही ऐकलेला नाही, तीच समजूत पहिल्या हल्ल्यात ढासळते. आधी हल्ल्याचा सौम्य डोस देऊन त्याचं उत्तरही दिलं, तर माणूस पुढचा मोठा हल्ला पेलतो. लसीसारखंच.

खेळात तो सौम्य डोस हाताने तयार करायला लावतात. तोतयेगिरी, भावना भडकवणं, दोन गट पाडणं, कारस्थानाची कथा रचणं, समोरच्याची बदनामी आणि ट्रोलिंग, असे सहा बॅज. पडद्यावर फॉलोअरचा आकडा असतो आणि विश्वासार्हतेचं मीटरही. फारच अचाट थाप मारली तर मीटर घसरतं आणि खेळ संपतो. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसत्या खोट्याने काम होत नाही, खोट्याला खऱ्याचा आधार लागतो, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी कळतं. त्यामुळे मुलगी खोटारडी होईल ही भीती सोडा. तिला खोट्याची कारागिरी आतून दिसली आहे, आणि ती तुम्हा-आम्हा मोठ्यांपैकी फार कमी जणांनी पाहिली आहे.

एक संध्याकाळ तिच्याशेजारी बसून तुम्हीही खेळा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. खेळ बेतलाय परदेशातल्या वातावरणावर, म्हणून प्रत्येक बॅजला आपल्याकडचं उदाहरण शोधायला तिला सांगा. खाली मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचं नाव चिकटवलेला आरोग्याचा मेसेज ही तोतयेगिरी. 'खरा मराठी असाल तर पुढे पाठवाल' ही भावना. 'हे कोणतंही चॅनेल दाखवणार नाही' हे कारस्थान. आणि बदनामीच्या बॅजपाशी जरा थांबा. बदनामी म्हणजे मुद्द्याला उत्तर न देता, मुद्दा मांडणाऱ्या माणसाची पत घालवणं. ग्रुपवर चार लोकांत हसण्याचे इमोजी टाकून तिने आजोबांना नेमकं तेच केलं. पाणी सोडणार की नाही हे तिने तपासलंच नाही. तुम्ही हे बोलून दाखवण्याआधी तिच्या लक्षात येतं का पाहा. नववीतली मुलगी आहे, येईल.

आता या खेळाची उणीव सांगते. ती फक्त तुमच्या घरी दिसलेली नाही.

२०१९ मध्ये सुमारे १५ हजार खेळाडूंच्या आकडेवारीवर पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळल्यावर लोकांना फसव्या मजकुरावर कमी विश्वास वाटू लागला, असं त्यात दिसलं. पण २०२३ मध्ये मोदिरुस्ता-गॅलियन आणि हायम या दोन संशोधकांनी अशा खेळांवरच्या आधीच्या अभ्यासांची आकडेवारी नव्याने तपासली आणि वेगळाच प्रश्न विचारला. खेळाडूंना खरं आणि खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं का? की ते सगळ्यालाच जास्त वेळा खोटं म्हणू लागले? त्यांचं उत्तर मुख्यतः दुसऱ्या बाजूचं होतं. यावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत आणि खेळ बनवणाऱ्यांचीही बाजू आहे. पण ताई, तुमच्या घरात जे घडलं त्याचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. मुलीला संशय शिकवला गेला. खरं ओळखायला कुणी शिकवलं नाही.

दोन्ही चुका जीवघेण्या असतात, आणि हे मुलांना दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. तशी अफवा त्या काळात मोबाइलवर फिरत होती. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो असे मेसेज फिरले आणि राज्यातले पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले. ही खोट्याला खरं मानण्याची किंमत. खऱ्याला खोटं मानण्याची किंमत बातमीत फारशी येत नाही, कारण 'मेसेज आला होता, पण आम्ही मानला नाही' हे कुणी मागाहून सांगत नाही. तुमच्या रस्त्यावर ती किंमत कमरेएवढ्या पाण्यात मोजावी लागू शकते.

मग खरं ओळखण्याचा सराव कसा करायचा? त्यासाठी आपल्या पुण्यातच झालेला एक प्रयोग घरी आणता येईल. दिवंगत जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाकडे त्यातल्या चाळीस मिसळून पाठवल्या. कोणती कुंडली कुणाची, एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस जणांची उत्तरं आली आणि त्यांचा सरासरी यशाचा आकडा निघाला ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आला असता. या प्रयोगात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती त्याची मांडणी. दोन्ही प्रकारच्या कुंडल्या सारख्या संख्येने होत्या आणि एकत्र मिसळलेल्या होत्या. फक्त हुशार मुलांच्याच पाठवल्या असत्या, तर 'सगळे हुशार' म्हणणारा ज्योतिषी शंभर टक्के बरोबर ठरला असता.

तुमच्या लेकीचं सध्या तेच चाललंय. समोर फक्त खोट्या बातम्या असतील, तर 'फेक' म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क.

म्हणून घरी दहा मेसेजची प्रश्नपत्रिका काढा. पाच खरे, पाच खोटे, आणि खरे असे निवडा की ते ऐकायला अशक्य वाटले पाहिजेत. 'कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला' हा घाला. डिसेंबर २०२० मध्ये खरंच शिरला होता, बिचारा दमून मेला. 'लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं' हाही घाला. जून २०२० मध्ये झालं होतं, आणि ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं हे आपल्याच आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. खोट्यांमध्ये २०१६ ची दोन हजारांच्या नोटेतली चिप घ्या. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा घ्या. आणि दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणाऱ्या भारताचं ते रंगीबेरंगी चित्र तर घ्याच. ते एका रात्रीचं छायाचित्र नाहीच. अनेक वर्षांत दिव्यांचा उजेड कसा वाढत गेला हे दाखवण्यासाठी एका अमेरिकी शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळे रंग देऊन ते तयार केलं होतं.

निकाल लावताना दोन आकडे वेगळे लिहा. खोट्याला खरं किती वेळा म्हटलं, आणि खऱ्याला खोटं किती वेळा म्हटलं. बेरीज करू नका. माझा अंदाज, लेकीचा दुसरा आकडा मोठा येईल आणि आप्पांचा पहिला. घरातल्या दोघांना एकमेकांची गरज कशी आहे, हे तेव्हा कागदावर दिसेल.

हो, आप्पांनाही बसवायचं, आणि प्रश्नपत्रिका शक्यतो त्यांनाच काढू द्या. त्यांच्याकडे मोठा साठा आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला म्हणून देशभर देवळांबाहेर रांगा लागल्या, ते त्यांनी पाहिलंय. तेव्हा घरोघरी मोबाइलही नव्हते, लोक एसटीडीवरून नातेवाइकांना कळवत होते. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे कसं ओढलं जातं हे लेक विज्ञानातून सांगेल, आणि एका दिवसात हे देशभर कसं पसरलं ते आप्पा सांगतील. पण या सगळ्याआधी तिने त्यांची माफी मागायला हवी, ती टाळून हा खेळ सुरू करू नका. ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलली, तर माफीही ग्रुपवरच असावी, साधी, इमोजीशिवाय: 'आजोबांचा पाण्याचा मेसेज खरा होता. मी न तपासता खोटा म्हटला. आजोबा, सॉरी.' आधी त्यांच्या खोलीत जाऊन बोलायचं, मग लिहायचं. त्यांना ग्रुपमध्ये परत घ्यायचं ते त्यांना विचारूनच. आणि घरातल्या कुणीही त्या दिवशी कांद्याच्या मेसेजचा विषय काढायचा नाही. तो वेगळ्या दिवशी, एकट्यात, आणि 'आप्पा, हे कुणी पाठवलं हो?' अशा प्रश्नाने काढावा. वयाच्या माणसाला चारचौघांत चूक दाखवली की तो चूक नाही सोडत, तुम्हाला सोडतो.

तपासायचं कसं, हे थोडक्यात सांगते, कारण मुलांना इथे चुकीची सवय लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवली. पहिले दोन्ही गट पानावरच रेंगाळले, लोगो आणि मांडणी न्याहाळत बसले आणि बऱ्याचदा फसले. तपासनीस मात्र क्षणात त्या पानावरून बाहेर पडले आणि याच्याबद्दल इतर काय म्हणतात हे दुसऱ्या टॅबमध्ये शोधू लागले. मेसेजकडे टक लावून खरंखोटं कळत नाही, बाहेर जावं लागतं. पाण्याचा मेसेज असेल तर जलसंपदा विभाग आणि महापालिका विसर्ग किती क्युसेक हे जाहीर करतात, तो आकडा आणि वेळ पाहायची. भिडे पूल बुडाल्याचा व्हिडिओ असेल, तर पूल खरा, पाणीही खरं, पण व्हिडिओ कोणत्या वर्षीचा? गूगल लेन्समध्ये त्यातलं एखादं चित्र टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधता येतं. 'फॅक्ट क्रेसेंडो' आणि 'न्यूजचेकर' ही तथ्य-तपासणीची संकेतस्थळं मराठीतही तपासण्या छापतात. व्हॉट्सअॅपवरचे दोन बाण मेसेज बऱ्याच हातांतून आलाय एवढंच सांगतात. तो खोटा आहे असं सांगत नाहीत. हे लेकीला आवर्जून सांगा. आणि धोक्याचा इशारा असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. गाडी तळघरातून वर काढून ठेवायला पुरावा लागत नाही.

आता शाळा. वर्गशिक्षकांना भेटा आणि आधी त्यांचे आभार माना, कारण हा विषय वर्गात आणणारे शिक्षक थोडेच आहेत. मग सांगा की एका तासाने हे भागणार नाही. या खेळाचा परिणाम मध्ये उजळणी झाली नाही तर साधारण दोन महिन्यांत ओसरतो, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या देशातले अनुभवही बोलके आहेत. भारतासाठी व्हॉट्सअॅपच्या धर्तीवर बेतलेला असाच एक खेळ उत्तर भारतात लोकांना खेळायला देऊन तपासला, त्याचा ठळक परिणाम आढळला नाही. याउलट बिहारमध्ये ५८३ गावांत आठवी ते बारावीच्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रयोगात, काही आठवड्यांवर पसरलेले चार वर्ग घेतले. मुलांना खरं-खोटं वेगळं काढणं जमू लागलं, ते चार महिन्यांनीही टिकलं आणि त्यांच्या आईवडिलांमध्येही थोडं उतरलं. दोन्हींत फरक अनेक आहेत, पण वर्गात, शिक्षकांसोबत, पुन्हा पुन्हा ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

तेव्हा शाळेकडे दोन गोष्टी मागा. खेळ झाल्यावर महिन्यातून एक तास मुलांनी स्वतः आणलेले मेसेज तपासावेत, आणि त्या ढिगात खरे मेसेजही तेवढेच असावेत. शिक्षक म्हणतील की प्रश्नपत्रिका काढायला वेळ नाही. तेव्हा आप्पांचं नाव सुचवा.